आजीची साडी लांब झाली तेव्हा...

'अगं, ही साडी मेली लांब झाली बघ. सारखी पायात येते.'

गणपतीत आजी हे म्हणाली आणि आम्ही सगळे फिदीफिदी हसलो. साडी कधी लांब होते का? मामा म्हणाला, 'आई, साडी नाही वाढली, तूच कमी झालीस!' पुन्हा हशा. आजीसुद्धा हसली. तेवढ्यात उकडीच्या मोदकांचं ताट आलं आणि विषय तिथेच संपला.

मामा गमतीत बोलला होता, पण अगदी बरोबर बोलला होता. आजी खरंच कमी झाली होती. त्याच वर्षी तिनं मिसळणाचा डबा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणला होता. 'हात पोचत नाही हल्ली,' म्हणाली. पाठीला किंचित बाक आला होता. वय झालं की असं व्हायचंच, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. घरात दोन इंजिनीअर, एक सीए आणि एक एमबीए (म्हणजे मी), पण हा हिशेब कुणालाच जमला नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी नऊ बाराला मी ठाण्याहून लोकलमध्ये कशीबशी चढले आणि रोजच्यासारखा आजीला फोन लावला. आजी डोंबिवलीला मामाकडे असते. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. मामा-मामी आठलाच बाहेर पडतात, त्यामुळे हा फोन म्हणजे आम्हा दोघींचा ठरलेला कार्यक्रम. काय खाल्लंस, डब्यात काय नेलंयस, बसायला मिळालं का, वगैरे वगैरे. त्या दिवशी रिंग वाजत राहिली. बाथरूममध्ये असेल, म्हणून मी फोन पर्समध्ये टाकला. साडेदहाला क्लायंटसमोर प्रेझेंटेशन होतं.

आजीचा मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. ती ओट्यापाशी मेथी निवडत होती. रिंग ऐकून लगबगीनं निघाली, लांब झालेल्या गाऊनमध्ये पाय अडकला आणि ती उजव्या कुशीवर पडली. अकराला कामाच्या मावशी आल्या. त्यांच्याकडे किल्ली असते म्हणून बरं! तोवर जवळजवळ पावणेदोन तास आजी फरशीवर पडून होती. मध्ये आणखी एकदा फोन वाजला, असं ती म्हणाली. नंतर बघितलं, तर तो कुठल्यातरी लोनवाल्यांचा होता. मी पुन्हा फोन केला नव्हता.

'या वयात ऑपरेशन?'

उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि बाहेरच्या बाजूला वळला होता. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधीच सांगितलं, 'खुब्यात मोडलंय.' खुबा म्हणजे मांडीचं हाड जिथे कमरेला जोडलेलं असतं तो सांधा. या हाडाच्या टोकाला एक गोळा असतो आणि गोळ्याखाली बारीक मान. आजीची ही मान मोडली होती.

मग सुरू झाली आपल्याकडची नेहमीची कौटुंबिक परिषद. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, फोनवर, व्हॉट्सॲपवर. 'या वयात ऑपरेशन कशाला?' 'वजन लावून ठेवा, सहा आठवड्यांत जुळेल.' 'आमच्या आत्याला असंच झालं होतं, तिनं काही ऑपरेशन केलं नाही.' (त्या आत्या पुढे अंथरुणातून उठल्याच नाहीत, हे मात्र कुणी बोललं नाही.)

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी आम्हाला बसवून शांतपणे समजावलं. या मानेतूनच गोळ्याला रक्त पोचतं. ती पूर्ण मोडून सरकली की रक्तपुरवठाच तुटतो, म्हणून ती हाताच्या हाडासारखी आपोआप जुळत नाही. आणि खरा धोका मोडलेल्या हाडापेक्षाही अंथरुणाचा असतो. म्हातारं माणूस आडवं पडून राहिलं की छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, स्नायू झपाट्यानं झिजतात. जगभरातले आकडे सांगतात, की खुबा मोडलेल्या ज्येष्ठांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात जातो. जे राहतात, त्यांतले कितीतरी पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. म्हणून तब्येत साथ देत असेल, तर शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन करायचं आणि दुसऱ्या दिवशी पेशंटला उभं करायचं. 'वय जास्त आहे, म्हणूनच लवकर करायचं,' डॉक्टर म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी ऑपरेशन झालं. मोडलेला गोळा काढून त्या जागी धातूचा बसवला. गुरुवारी फिजिओथेरपिस्टनं वॉकर देऊन आजीला उभं केलं. चार पावलं चालली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मी तिच्याजवळ झोपले होते. दोन वाजता ती उठून बसली आणि मला तिची धाकटी बहीण समजून विचारायला लागली, 'विहिरीवर गेली होतीस ना? कळशी कुठाय?' तिची ती बहीण जाऊन वीस वर्षं झाली होती. मी घाबरून नर्सला हाक मारली. याला डिलिरियम म्हणतात. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर म्हाताऱ्या माणसांत हा गोंधळ खूपदा होतो आणि बहुतेकदा ओसरतो, असं तिनं सांगितलं. चष्मा लावा, दिवसा खिडकी उघडा, ओळखीची माणसं जवळ ठेवा, आज कुठला वार आहे ते सांगत राहा, म्हणाली. तीन दिवसांत आजी ताळ्यावर आली. पण 'कळशी कुठाय' हा प्रश्न माझ्या डोक्यातून काही जाईना.

हाड म्हणजे दगड नव्हे

मला वाटायचं, हाड म्हणजे आरसीसी पिलर. एकदा ओतलं की झालं. प्रत्यक्षात आपल्या हाडांचं सतत रिनोव्हेशन चालू असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात आणि दुसऱ्या तिथे नवं भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातलं साधारण १० टक्के हाड दरवर्षी असं बदललं जातं. लहानपणी आणि तारुण्यात भरणं जास्त, काढणं कमी. तिशीच्या आसपास हाडांचा साठा सगळ्यात जास्त असतो. मग उतार सुरू होतो. बायकांची पाळी गेली की इस्ट्रोजेनचं संरक्षण जातं आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाड भराभर झिजतं, काहींमध्ये तर २० टक्क्यांपर्यंत. पुरुषांचं झिजतं जरा सावकाश, पण झिजतंच. खुब्याच्या फ्रॅक्चरचे साधारण एक तृतीयांश पेशंट पुरुष असतात, त्यामुळे बाबांनो, तुम्हीही सुटला नाहीत!

आणि यात दुखत काहीच नाही. हीच तर खरी गोम आहे. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे ठिसूळ, सच्छिद्र झालेलं हाड. बीपी, शुगरसारखाच हा गुपचूप वाढतो. उभ्या उंचीवरून पडून निरोगी हाड सहसा मोडत नाही. मोडलं, तर ते आधीच कमजोर होतं असं समजायचं.

आजीच्या हाडांनी आम्हाला तीनदा सांगितलं होतं. पाच वर्षांपूर्वी अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, मग ते काढल्याचे पेढे, आणि विषय बंद. उभ्यानं पडून मनगट मोडणं हा पुढच्या फ्रॅक्चरचा इशारा असतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसरा इशारा साडीचा. मणक्याचं हाड ठिसूळ झालं की एकेक मणका न पडता, नुसत्या वजनानं दबतो. बहुतेकांना ते कळतही नाही. थोडी पाठ दुखते, थोडी उंची घटते, थोडा बाक येतो. आजीच्या दोन मणक्यांची अशी पाचर झाली होती. ते आता एक्स-रेत दिसलं.

तिसरा इशारा मामीला कपाटातल्या फाइलमध्ये सापडला. तीन वर्षांपूर्वी सोसायटीत 'फुकट बोन डेन्सिटी कॅम्प' झाला होता. टाच मशिनमध्ये ठेवायची आणि चिठ्ठी घ्यायची. आजीची चिठ्ठी लाल पट्ट्यात होती. त्याबरोबर कॅल्शियमच्या गोळ्यांची एक स्ट्रिप फुकट मिळाली होती. ती संपली, चिठ्ठी फाइलला लागली. टाचेची ही अल्ट्रासाउंड तपासणी म्हणजे निदान नव्हे. पण लाल पट्टा आला तर पुढची नीट तपासणी करायची असते. ती आम्ही केली नाही.

मायनस दोन पॉइंट एक

ही नीट तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन. कपडे घालूनच टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. ना सुई, ना बोगदा. रेडिएशन छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. कमरेचे मणके आणि खुबा यांची घनता मोजतात आणि 'टी-स्कोअर' देतात. म्हणजे तुमचं हाड निरोगी तरुण माणसाच्या सरासरीपासून किती दूर आहे, ते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये याच्या रेषा आखल्या. उणे १ किंवा त्याहून वर असेल तर नॉर्मल. उणे १ आणि उणे २.५ च्या मध्ये ऑस्टिओपिनिया. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. खुब्याची घनता एका आकड्यानं खाली गेली, की खुबा मोडण्याचा धोका साधारण अडीच पटींनी वाढतो.

आजीच्या डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी आईकडे बघून विचारलं, 'तुमचं वय काय? तुमचा डेक्सा झालाय का?' आई म्हणाली, 'मला काय धाड भरलीय? मी रोज चालते.' आई सत्तावन्न वर्षांची आहे. तिची पाळी सेहेचाळिसाव्या वर्षीच गेली. पुढच्या शनिवारी मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. खुब्याच्या मानेचा टी-स्कोअर आला उणे २.१.

'म्हणजे पास ना?' आईनं विचारलं. मलाही तेच वाटलं होतं. पण एकूण फ्रॅक्चरांपैकी निम्म्याहून जास्त फ्रॅक्चर्स अशा 'पास' झालेल्या बायकांमध्येच होतात. कारण सरळ आहे. त्या संख्येनंच खूप जास्त असतात, आणि घनता ही धोक्याची एकच बाजू आहे. म्हणून ब्रिटनच्या शेफील्ड विद्यापीठानं २००८ मध्ये 'फ्रॅक्स' नावाचं एक गणित आणलं. वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, सिगारेट, दारू, स्टिरॉइड्स, संधिवात अशी माहिती भरली, की पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती टक्के ते कळतं. डॉक्टर एकेक प्रश्न विचारत होते, आई 'नाही, नाही' म्हणत होती. मग प्रश्न आला, 'आई किंवा वडिलांपैकी कुणाचं खुब्याचं हाड मोडलं होतं का?'

आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, 'हो.' आणि स्क्रीनवरचा आकडा टुणकन वर गेला.

औषध सुरू करण्याइतका तो नव्हता. ड जीवनसत्त्व कमी निघालं, ते भरून काढायचं. जेवण, व्यायाम सुधारायचे. दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा. आजीला मात्र औषध लागलंच. डॉक्टरांनी इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. बरीच कुटुंबं ऑपरेशन करून घरी जातात आणि मूळ दुखणं, म्हणजे ठिसूळ हाड, तसंच राहतं. मग दुसरा खुबा मोडतो. आजीला वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड देतात. २००७ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात या औषधानं ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बायकांमधली खुब्याची फ्रॅक्चर्स ४१ टक्क्यांनी कमी झाली होती. आठवड्याच्या गोळ्याही असतात. त्या रिकाम्या पोटी ग्लासभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आणखीही औषधं आहेत. काही मध्येच बंद केली तर उलटा त्रास होतो, त्यामुळे आपल्या मनानं सुरू नाही आणि आपल्या मनानं बंदही नाही.

आता आपलं काय?

मी एकतीस वर्षांची आहे. माझा साठा भरून झाला, आता तो टिकवायचा. तुम्ही पंचविशीत असाल, तर तुमच्याकडे अजून थोडा वेळ आहे, मजा करा! पण मजा म्हणजे डेडलाइनच्या नावाखाली सिगारेट, ब्लॅक कॉफीवर काढलेला दिवस आणि लग्नाआधी दहा किलो उतरवणारं क्रॅश डाएट नव्हे. वजन इतकं उतरलं की पाळीच थांबली, तर हाडंही झिजायला लागतात. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये फ्रॅक्चर्स थोडी जास्त दिसतात. आमच्या बे-मधल्या प्रत्येक ड्रॉवरमध्ये ती स्ट्रिप आहे, म्हणून सांगितलं.

हाडाला ओझं आवडतं. जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच सांगितलं होतं, की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. अंतराळवीरांवर गुरुत्वाकर्षणाचा भार नसतो, तर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला १ ते १.५ टक्का झिजतं. आपण दिवसाचे दहा तास खुर्चीत असतो; अगदी अंतराळात नाही, पण दिशा तीच! चालणं चांगलंच, पण नुसतं चालणं पुरत नाही. जिने, दोरीच्या उड्या, वजनं उचलणं हवं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पाळी गेलेल्या, हाडं कमजोर असलेल्या बायकांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास देखरेखीखाली जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांत त्यांची घनता सुधारली. आई आता ट्रेनरसमोर डेडलिफ्ट करते. पंजाबी ड्रेस घालून. तिचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आला, तेव्हा मामाचा अंगठा पहिला होता.

एवढं तरी करा

* उंची मोजा. आई-बाबांना चौकटीला उभं करून मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटर किंवा जास्त कमी भरली, तर डॉक्टरांना दाखवा.

* डेक्सा विचारा. पासष्टीपुढच्या बायकांना तो सर्रास सुचवतात. पाळी लवकर गेली असेल, पडून हाड मोडलं असेल, तीन महिन्यांहून जास्त स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील, तर त्याआधीच विचारा.

* ताट बघा. भारतीयांसाठीच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, पेलाभर दुधात २४०. तीळ, राजगिरा, दही, ताक, पालेभाज्या आपल्याकडे आहेतच. सोबत डाळ, उसळ, अंडी, मासे यांतली प्रथिनंही हवीत.

* ड जीवनसत्त्व तपासूनच घ्या. ६०,००० युनिटच्या पुड्या मित्राच्या सल्ल्यानं नकोत. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षाचा एकदम मोठा डोस देऊन बघितला, तर त्या जास्त पडल्या आणि जास्त फ्रॅक्चर्स झाली, असं २०१० मध्ये दिसलं. कमतरता नसलेल्यांना गोळ्यांचा फायदाही होत नाही.

* पडणं टाळा. खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर्स पडण्यानंच होतात. बाथरूममध्ये धरायला दांडी, रात्री पॅसेजमध्ये दिवा, सरकणारी पायपुसणी बाद, मोतीबिंदू वेळेत काढणं. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी चक्कर येते का, ते विचारा. आणि गाऊनची लांबी बघा.

फोन वाजू दे

आजी आता वॉकर सोडून काठीवर आली आहे. घरातल्या घरात हिंडते, कुकर लावते, मामावर ओरडते. डॉक्टर म्हणतात, 'एक्सलंट रिकव्हरी.' खरंच आहे. पण मामाचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. पडायच्या आधी ती रोज संध्याकाळी खाली उतरून भाजी आणायची, देवळात जायची, बाकावर मैत्रिणींबरोबर बसायची. त्यानंतर ती फक्त हॉस्पिटलला जायला खाली उतरली आहे, तेही खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून. आता भाजीवाला खालून ओरडतो आणि आजी खिडकीतून घासाघीस करते. परवा म्हणाली, 'वरून सगळ्याच जुड्या ताज्या दिसतात गं.' मी काय बोलणार?

आईनं तिचे सगळे गाऊन चार चार बोटं वर दुमडून शिवले. मामीनं मोबाइलसाठी कापडी पिशवी शिवली, ती आजीच्या गळ्यात असते. मी अजून नऊ बाराला फोन करते. तो उचलला नाही, तर लगेच मामीला लावते, मग प्रेझेंटेशन असो नाहीतर अप्रेजल. आजीला मी शंभरदा सांगितलंय, 'तू धावत येऊ नकोस. मी वाट बघेन.' आताशा ती आठ-नऊ रिंग वाजू देते. नीट बसते, पिशवीतून फोन काढते, चष्मा लावून नाव वाचते आणि मग म्हणते, 'हं, बोल. बसायला मिळालं का?'

या रविवारी घरी असाल, तर आईला एकदा चौकटीला टेकवून उभं करा. पेन्सिलीनं खूण करा. लहानपणी ती तुमची करायची ना, तश्शीच.